घरच्या रीफ टँकमधलं शेवाळं: ठाणे-नवी मुंबईतल्या टँकवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीफ टँक, म्हणजे प्रवाळांसाठीचा खाऱ्या पाण्याचा टँक लावला की पहिल्या वर्षात शेवाळ्याशी गाठ पडतेच. ठाण्यात, वाशीत, खारघरला नव्याने टँक लावलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान "ओळखायचं कसं" आणि पाण्याबद्दलचा प्रश्न, हे दोन वाचाच.

शेवाळं आलंय. कोणतं औषध टाकू?

सध्या कोणतंच नको. दुकानात बाटल्या भरपूर आहेत आणि त्यातल्या काहींचा उपयोगही होतो. पण दगडावर, वाळूवर जी नको ती वाढ दिसते ती चार-पाच अगदी वेगळ्या जीवांपैकी कुठलीही असू शकते. केसाळ हिरव्या शेवाळ्यासाठी पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट उतरवावं लागतं, डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशी जीवांसाठी नेमकं उलट, ते चढवावं लागतं. लाल साय तर शेवाळं नाहीच, ते जिवाणू आहेत. न ओळखता उपाय केला तर निम्म्या वेळा त्रास वाढतो. एक आठवडा थांबल्याने कुणाचा टँक गेलेला नाही, घाईघाईत ओतलेल्या बाटल्यांनी मात्र गेलेले आहेत.

मग ओळखायचं कसं?

रंगावर जाऊ नका, पोत बघा. पंप बंद करा, टर्की बेस्टर किंवा साध्या मोठ्या सिरिंजने त्या वाढीवर पाण्याचा झोत मारा आणि काय होतं ते बघा.

धुळीसारखी उडाली आणि काचेवर बोट फिरवल्यावर तपकिरी पावडर निघाली, तर डायटम, म्हणजे सिलिकेटवर वाढणारं एकपेशी शेवाळं. गालिचाची कड उचलावी तशी अख्खी पापुद्र्याने सुटून आली, तर सायनोबॅक्टेरिया. ती लालसर, मरून, कधी काळपट हिरवीही असते. झोत मारूनही दगडाला धरून राहिली आणि धागे नुसते डोलले, तर केसाळ शेवाळं. त्या धाग्यांना पक्ष्याच्या पिसासारख्या दोन्ही बाजूंनी फांद्या असतील तर ते ब्रायोप्सिस. हिरवे चकचकीत मणी असतील तर व्हॅलोनिया. आणि तपकिरी, शेंबडासारखी तार ओढली जात असेल, तिच्या टोकाला हवेचे बुडबुडे अडकलेले असतील, दिवसभर वाढून रात्री कमी होत असेल, तर डायनोफ्लॅजेलेट्सचा संशय घ्या.

सायनो आणि डायनो यांत गल्लत फार होते, कारण दुपारी लाइट पूर्ण असताना बुडबुडे दोघांवरही दिसतात. त्यासाठी घरच्या घरी एक चाचणी आहे. थोडी वाढ टँकच्याच पाण्यासकट छोट्या पारदर्शक बाटलीत घ्या, झाकण लावून जोरात हलवा आणि ते पाणी कॉफी फिल्टरमधून किंवा दोन घडी टिश्यूमधून गाळा. खाली आलेलं पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेल. ते टँकच्या लाइटखाली तासभर ठेवा. त्यात पुन्हा तपकिरी धागे जमू लागले तर डायनोच. त्यांच्या सुट्या पेशी गाळणीतून सहज निघून येतात आणि उजेडात परत एकत्र होतात. घरात मुलांचा शाळेसाठी घेतलेला मायक्रोस्कोप असेल तर ४०० पट मोठं करून बघा, डायनोच्या पेशी स्वतः हलताना दिसतात.

टँक लावून महिना झालाय. वाळूवर तपकिरी थर आलाय. काही चुकलं का?

नाही. हा डायटमचा टप्पा जवळजवळ प्रत्येक नव्या टँकमध्ये येतो. नव्या वाळूतून, दगडातून आणि पाण्यातून येणारं सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत थर आपोआप जातो. जात नसेल, किंवा जाऊन परत येत असेल, तर पाणी तपासा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

नळाचं पाणी चालतं का? घरचा आरओ आहे, त्याचं पाणी तर चालेलच ना?

नळाचं नाही. आणि घरचा आरओ आहे तसा तोही नाही.

शेवाळ्याच्या तक्रारींपैकी सगळ्यात जास्त इथे येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नवी मुंबईला मुख्यतः मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याला भातसासह वेगवेगळ्या स्रोतांचं. पिण्यासाठी ते उत्तम आहे. पण धरणाच्या पाण्यात सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट थोडं थोडं असतंच, पावसाळ्यात गढूळपणा वाढला की तुरटी आणि क्लोरीनचं प्रमाण बदलतं. त्यात घोडबंदर रोडवरच्या काही सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरचं पाणी बोअरवेलचं असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) एकदम दुप्पट-तिप्पट होतो आणि तुम्हाला ते कळतही नाही, कारण नळ तोच असतो.

स्वयंपाकघरातला आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो. त्यात चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. कंट्रोलर म्हणजे मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी परत गाळलेल्या पाण्यात मिसळण्याची सोय. मशीनवर ५० किंवा ८० आकडा दिसतो तो त्यामुळेच. आपल्याला हवा तो आकडा शून्य. त्यासाठी कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज वगळून, मेम्ब्रेननंतर उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडावी लागते. आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला हे समजावून सांगितलं तर तो करून देतो. ॲक्वेरियमसाठीचं वेगळं आरओडीआय युनिट घेतलंत तर उत्तमच.

हे इतकं का ताणायचं, तर बाष्पीभवनामुळे. पाणी उडतं, त्यातलं बाकी सगळं मागे राहतं. समजा २०० लिटरचा टँक आहे आणि रोज ३ लिटर पाणी उडतं. महिन्याला ९० लिटर वरचं पाणी घालावं लागतं. त्या पाण्यात लिटरमागे फक्त ०.३ मिलिग्रॅम फॉस्फेट असलं, तरी महिन्याला २७ मिलिग्रॅम टँकमध्ये गेलं. २०० लिटरमध्ये ते झालं ०.१३५ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ०.१३५ मिलिग्रॅम. माशांना एक दाणाही न घालता, आपल्याला हव्या असलेल्या पातळीच्या वर. वर्षभर हे चाललं तर शेवाळं खाणारी कुठलीच गोगलगाय पुरी पडणार नाही.

टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. टोपणाने बंद होणारा पेनासारखा असतो तोच पुरतो. दर वेळी पाणी काढताना बुडवा. आकडा शून्यावरून १-२ वर गेला की रेझिन बदला, कारण संपत आलेलं रेझिन सिलिकेट आधी सोडायला लागतं, आणि सिलिकेट आलं की डायटम आलेच.

समुद्र एवढा जवळ आहे. खाडीचं पाणी गाळून वापरलं तर?

कृपया नको. ठाण्याच्या खाडीच्या पाण्यात गाळ आहे, सांडपाणी आहे, आणि पावसाळ्यात खारटपणा इतका उतरतो की प्रवाळ त्यात टिकणारच नाहीत. खाडीची ती समृद्धी फ्लेमिंगोंसाठी आहे: ते चिखलातली सूक्ष्म वाढ खातात म्हणून तर इथे येतात. जी गोष्ट टँकमधून घालवायला आपण झटतोय तिचंच ते घर आहे. चांगलं सिंथेटिक मीठ आणि शून्य टीडीएसचं पाणी, खारटपणा ३५ पीपीटी, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) साधारण १.०२६. एवढंच.

किनाऱ्यावरून दगड किंवा लाइव्ह रॉक (जीव वसलेला समुद्रातला दगड) आणली तर चालेल का?

नाही, आणि हा फक्त शेवाळ्याचा प्रश्न नाही. भारतात सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, सी फॅन आणि ऑर्गन पाइप कोरलही. ते समुद्रातून काढणं गुन्हा आहे. कुणी "आपल्याकडचाच माल आहे" म्हणून स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. कृत्रिम दगड मिळतात, त्यावर वर्षभरात सुंदर जीवसृष्टी तयार होते, आणि ब्रायोप्सिस, व्हॅलोनिया असले पाहुणे त्यांच्याबरोबर येत नाहीत.

नायट्रेट आणि फॉस्फेट किती ठेवायचं?

मिश्र प्रवाळांच्या घरगुती टँकसाठी नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. या पट्ट्यात कुठेही असाल आणि आकडा आठवड्याआड फारसा हलत नसेल, तर त्याच्याशी खेळू नका. स्थिर ०.०८ हे आज ०.०२, परवा ०.१२ यापेक्षा कितीतरी बरं. शून्य हे ध्येय नाहीच. प्रवाळांनाही हे दोन्ही लागतात. मिळालं नाही तर ते फिके पडतात, त्यांची कातडी सुटायला लागते, आणि रिकाम्या जागेवर डायनो येतात.

माझ्या टेस्टमध्ये फॉस्फेट शून्य दाखवतंय, तरी केसाळ शेवाळं जोरात आहे. किट खराब आहे का?

बहुतेक नाही. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळं लगेच खातंय, म्हणून मोजायला उरत नाही. शेवाळ्याचा तो गुच्छ हेच तुमचं रीडिंग. दुसरं म्हणजे, वाळू आणि दगड हे कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात फॉस्फेट जास्त असताना ते त्याच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू परत सुटतं. म्हणून जुन्या, कित्येक वर्षं भरपूर खाऊ घातलेल्या टँकमध्ये शेवाळं जाता जात नाही. तिथे महिने लागतात आणि ते तसेच लागू द्यावे लागतात.

केसाळ शेवाळं काढायचं तरी कसं?

हाताने. याला पर्याय नाही, आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. शेवाळ्याच्या प्रत्येक मुठीत नायट्रोजन आणि फॉस्फरस बांधलेलं असतं. ती मूठ टँकच्या बाहेर गेली की ते कायमचं गेलं. टँकमध्येच मारलं, तर सडून सगळं पाण्यात परत.

दगड सुटा निघत असेल तर टँकचंच पाणी भरलेल्या बादलीत घ्या. आधी बोटांनी मुळापासून उपटा, लांब धागे पिळ देऊन ओढले की बऱ्यापैकी निघतात. मग कडक ब्रिसलचा नवा टूथब्रश घेऊन खाचा घासा. पाणी हिरवं-गढूळ होईल. दुसऱ्या बादलीत खळबळून दगड परत ठेवा. बादलीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. दगड हलवता येत नसेल तर अर्ध्या इंचाच्या नळीच्या टोकाला टूथब्रश केबल टायने बांधा आणि सायफन चालू ठेवून घासा, म्हणजे सुटलेला प्रत्येक तुकडा लगेच नळीत जाईल. आठवड्याच्या पाणी बदलाबरोबरच हे उरकतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

उरलेल्या खुंटांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड चांगलं. केमिस्टकडे मिळणारं बहुधा ६ टक्क्यांचं, २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. लेबल वाचून तितकंच आरओ पाणी घाला म्हणजे ३ टक्के झालं. पाण्याबाहेर काढलेल्या दगडावर सिरिंजने फक्त खुंटांवर सोडा, फेस येईल, काही मिनिटं थांबा, खाऱ्या पाण्यात धुवा. प्रवाळांच्या अंगावर जाऊ देऊ नका. दोन-तीन दिवसांत खुंट पांढरे पडतात आणि मग गोगलगाई ते आवडीने साफ करतात. थेट टँकमध्ये ओतायला मात्र सांगणार नाही: क्लीनर श्रिम्पना ते सोसत नाही.

दगड काढून उकळत्या पाण्यात टाकले तर सगळंच मरेल ना?

हे कधीही करू नका. घरातल्या गॅसवर तर मुळीच नको. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ जातीच्या बटणासारख्या प्रवाळांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत तीव्र विष असू शकतं. दगड उकळला की ते वाफेबरोबर घरभर पसरतं. तोंडाला कडवट-धातूसारखी चव, ताप, खोकला, श्वास लागणं अशी लक्षणं येतात आणि परदेशात यातून अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झालेली आहेत. पाळीव कुत्र्या-मांजरांनाही तोच धोका. असे दगड घासताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घाला, ब्रशचे शिंतोडे उडवू नका, हाताला जखम असेल तर काम दुसऱ्याला सांगा. असं काही झाल्याचा संशय आला तर खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हे नाव स्पष्ट सांगा, कारण एरवी ते त्यांच्या डोक्यात येण्याचं कारण नाही.

ब्रायोप्सिस आहे. गोगलगाई तोंडच लावत नाहीत.

लावणार नाहीत. यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध गुण देतं, रीफसाठी तयार केलेल्या रूपातही ते मिळतं. तिथे पाकिटावरचं प्रमाण पाळा, तेवढे दिवस पाणी गाळणारा कार्बन आणि यूव्ही दिवा बंद ठेवा, स्किमरच्या (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) कपात जमलेलं परत टँकमध्ये सोडा किंवा स्किमर फक्त हवेसाठी चालवा. दोन-तीन आठवड्यांत शेवाळं फिकट होऊन गळतं. त्या आधी हाताने जितकं काढता येईल तितकं काढा, नाहीतर एकदम सडलेलं शेवाळं नायट्रेट वर नेईल. माणसांच्या गोळ्या अंदाजाने टाकू नका.

हिरवे मणी, म्हणजे व्हॅलोनिया?

मणी न फोडता मुळातून उचला. लहान असताना सोपं जातं. एमराल्ड क्रॅब ते खातो, पण प्रत्येक खेकडा खाईलच असं नाही, आणि उपाशी राहिला तर तो दुसरीकडे तोंड घालतो. एक-दोन मणी दिसले त्याच दिवशी काढा, हा खरा इलाज.

लाल साय परत परत येते. पाण्याचा प्रवाह वाढवला तरी.

सायनो जिथे घाण साठते तिथे धरते, म्हणून दगडांमागचा मृत कोपरा आधी शोधा. वेव्हमेकर (टँकमध्ये पाणी फिरवणारा पंप) मोठा घेण्यापेक्षा त्याची दिशा बदलून बघा. साय सायफनने काढा, ती सहज सुटते. वाळूचा वरचा थर दर आठवड्याला थोडा थोडा धुवा, एकदम सगळी नको. नायट्रेट अगदी शून्य आणि फॉस्फेट भरपूर, अशी तोल गेलेली स्थिती असेल तर सायनोचं फावतं, कारण तिच्यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन वापरू शकतात आणि बाकीच्यांना ते जमत नाही.

एरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स साय दोन दिवसांत घालवतात. माझं स्पष्ट मत आहे की ती वापरू नयेत. फिल्टरच्या जिवाणूंवर परिणाम होऊ शकतो, मेलेली साय प्राणवायू खाते, आणि कारण तसंच राहिल्याने महिन्याभरात पुन्हा तेच. शिवाय अँटिबायोटिक्स गटारात सोडणं हा सगळ्यांच्याच आरोग्याचा प्रश्न आहे.

डायनोफ्लॅजेलेट्स आहेत, बाटलीची चाचणी करून खात्री झाली. आता?

आता उलट दिशेने जायचं. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) काढा, कार्बन डोसिंग (जिवाणू वाढवायला व्होडका-व्हिनेगर घालणं) थांबवा, रिफ्युजियमचा (शेवाळं मुद्दाम वाढवायच्या कप्प्याचा) लाइट कमी करा, काही आठवडे पाणी बदलू नका. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पर्यंत आणा. खाऊ वाढवून हे होतं, पण हळू. प्लँटेड टँकवाले वापरतात ते पोटॅशियम नायट्रेट आणि पोटॅशियम फॉस्फेट चालतं, मात्र अगदी थोडं, रोज मोजत. जेवण मिळालं की बाकीचे जिवाणू, सूक्ष्मजीव आणि साधं हिरवं शेवाळं जागा घेतात आणि डायनो मागे हटतात. या काळात काचेवर हिरवं दिसायला लागलं तर आनंद माना.

जात महत्त्वाची. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात सुटून तरंगतात, म्हणून टँकच्या पाण्यात थेट लावलेला यूव्ही त्यांच्यावर छान चालतो. ॲम्फिडिनियम वाळूतच राहतात, त्यांना यूव्हीचा काही फरक पडत नाही. तिथे सिलिकेट देऊन डायटम वाढवण्याचा मार्ग अनेकांना लाभला आहे. काही डायनो विषारी असतात, गोगलगाई सुस्तावून पडल्या तर ताजा कार्बन लावा आणि हातमोजे घाला. तीन दिवस टँक झाकून अंधार करणं हा पूरक उपाय आहे, एकट्याने पुरत नाही.

गोगलगाई, खेकडे किती सोडू?

कमी. २०० लिटरला आठ-दहा ट्रोकस गोगलगाई पुरे. ट्रोकस उलटी पडली तर स्वतः सरळ होते, टर्बोला वाळूवर ते बहुधा जमत नाही, रोज एकदा नजर टाकावी लागते. नॅसॅरियस वाळू ढवळतात आणि उरलेलं मांस खातात, शेवाळं खात नाहीत. दुकानात सांगतात म्हणून त्यासाठी घेऊ नका. सी अर्चिन कामाला वाघ आहे, पण न चिकटवलेले फ्रॅग (प्रवाळांचे छोटे तुकडे) पाठीवर घेऊन फिरतो.

मासे घेताना टँकची लांबी बघा. टँग शेवाळं खातो हे खरं, पण चार फुटांखालच्या टँकमध्ये त्याला ठेवणं हा त्या जिवावर अन्याय आहे. लहान टँकमध्ये लॉनमोअर ब्लेनी बरी, मात्र शेवाळं संपल्यावर तिला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळं) मिळाली पाहिजे, नाहीतर खंगत जाते. फॉक्सफेस केसाळ शेवाळं फार छान खातो. त्याच्या काट्यांत विष असतं, जाळी वापरताना सांभाळा. सी हेअर (बिनशंखासारखी दिसणारी समुद्री गोगलगाय) आठवडाभरात दगड चकाचक करतो आणि मग उपासमारीने मरतो, मरताना पाणीही बिघडवू शकतो. काम झाल्यावर तो पुढे द्यायला दुसरा टँकवाला ओळखीचा असेल तरच आणा.

लाइट किती तास?

पूर्ण तीव्रतेने आठ तास पुरे. पांढरा, लाल, हिरवा चॅनेल कमी ठेवा.

खिडकीचं मात्र लक्षात घ्या. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जेमतेम कठड्यापर्यंत येतं. पावसाळाभर तर नाहीच. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि तेच ऊन हॉलमध्ये आतवर पोहोचतं. "पाणी तेच, खाऊ तोच, दिवाळीच्या सुमारास अचानक शेवाळं वाढलं" अशी तक्रार आली की मी आधी टँक कुठल्या भिंतीला आहे ते विचारतो. त्या बाजूला जाड पडदा किंवा काचेला मागून काळी फिल्म लावली की बऱ्याचदा प्रश्न सुटतो.

जीएफओ लावू की व्होडका सुरू करू?

आधी खाऊ आणि पाणी दुरुस्त करा. त्यानंतरही फॉस्फेट ०.२ च्या वर असेल तर जीएफओ लावा, पण पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने. फॉस्फेट एकदम खाली आलं तर प्रवाळांना धक्का बसतो. नायट्रेट जास्त असेल तर कार्बन डोसिंग उपयोगी: व्होडका किंवा व्हिनेगर खाऊन जिवाणू वाढतात, नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. म्हणजे चांगला स्किमर नसेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. व्होडकाची सुरुवात १०० लिटरला दिवसाला ०.१ मिलीने. पाणी दुधाळ झालं तर लगेच थांबा आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा.

आणि हो, नुसत्या पाणी बदलावर फार भिस्त नको. १० टक्के पाणी बदललं तर नायट्रेट २० चं १८ होतं. फ्रोझन खाऊ धुवून घालणं चांगली सवय, पण धुण्यापेक्षा खाऊची वडी (क्यूब) अर्धी करणं जास्त उपयोगाचं.

रिफ्युजियम घरच्या छोट्या संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) जमतं का?

जमतं, आणि मला हा उपाय सगळ्यात आवडतो. हवं तिथे शेवाळं वाढवून नको तिथलं उपाशी ठेवायचं, ही कल्पना स्मिथसोनियनमधल्या वॉल्टर एडी यांच्या अल्गल टर्फ स्क्रबरपासून चालत आलेली आहे. किटोमॉर्फा शेवाळ्याचा गोळा घ्या, कॉलेर्पा ही जात टाळा. ती कधी कधी एका रात्रीत बीजं सोडून विरघळते आणि साठवलेलं सगळं पाण्यात परत देते. लाइट रात्री लावा, म्हणजे मुख्य लाइट बंद असताना पीएच फार उतरत नाही. गोळा वाढला की निम्मा काढून टाका. काढला नाही तर उपयोग नाही.

गणपतीला दहा दिवस गावी जातो. परत येईपर्यंत टँक हिरवा झालेला असतो.

शेजारचे काका प्रेमाने जास्तच खाऊ घालतात, आणि मासे काचेजवळ येऊन मागतात. कुणालाही दया येणारच. डबा हातात देऊच नका. गोळ्या ठेवायच्या सात खणांच्या डबीत एका एका दिवसाचा खाऊ मोजून ठेवा, दोन डब्या पुरतात, आणि बाकीचा खाऊ कपाटात बंद. मोठ्या माशांना एक दिवसाआड दिलं तरी काही होत नाही. जाण्याआधी फिल्टरचा सॉक (कापडी गाळणी) बदला, स्किमरचा कप धुवा, टॉप-अपची टाकी शून्य टीडीएसने भरा. नेमक्या याच काळात पावसाने लाईट जाते, म्हणून बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप लावून जा. दोन-चार तास पंप बंद राहिला आणि काही जीव मेले, तर त्यांच्या कुजण्याने पुढचे दोन महिने शेवाळं पोसलं जातं.

उन्हाळ्यात जास्त का वाढतं?

पाणी २९-३० अंशांवर गेलं की सगळंच वेगाने वाढतं आणि पाण्यात प्राणवायू कमी मावतो. चिलर परवडत नसेल तर संपवर पंखा लावल्याने दोन-तीन अंश उतरतात. मात्र पंख्याने बाष्पीभवन दुप्पट होऊ शकतं, म्हणजे वरचं पाणीही दुप्पट. ते अशुद्ध असेल तर वर केलेला हिशेबही दुप्पट धरा. जून-जुलैत हवा इतकी दमट असते की पंख्याचा तितका उपयोग होत नाही.

सगळं व्यवस्थित केलं. किती दिवसांत जाईल?

केसाळ शेवाळ्याला दोन ते तीन महिने धरा. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसत नाही आणि तिथेच लोक धीर सोडून बाटली आणतात. दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच लाइटमध्ये एक फोटो काढून ठेवा. धागे आखूड झालेले आधी फोटोत दिसतात.

दगडावर गुलाबी-जांभळे डाग पडायला लागलेत. घासू का?

नका घासू! ते कोरलाइन शेवाळं, चुन्याचा थर करणारं, आपल्याला हवं असलेलं. कॅल्शियम ४०० ते ४५०, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास स्थिर असेल तर ते पसरतं आणि इतरांना जागा उरत नाही. फक्त समोरच्या काचेवरून काढा.

काचेवर दोन दिवसांनी हिरवा थर येतोच. हेही थांबवायचं का?

नाही, तेवढं येणारच आणि यायलाच हवं. चुंबकाच्या पट्टीने पुसा. पट्टी वाळूच्या रेषेपर्यंत खाली नेऊ नका, एक कण जरी मध्ये अडकला तरी काचेवर आडवा ओरखडा उठतो आणि तो नंतर काढता येत नाही. खालची दोन बोटं जागा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने हाताने साफ करा.